जास्तीची पाहुणी

अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या गावात शंभरेक वर्षांपूर्वी रविवारी दुपारी कोण कोणाकडं बसायला गेलं होतं, हे मला पाठ आहे. आमच्या गल्लीत कोण कोणाकडं जातं ते मात्र मला विचारू नका. पुंडलिकनगरात माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. खाली इस्त्रीवाला, वर घरमालकाची पाण्याची टाकी, आणि समोरच्या दारातल्या बाईंना मी कित्येक वर्षं नुसती मान हलवते. त्याही हलवतात. एवढ्यावर आमचं छान चाललंय.

त्या अमेरिकन गावाचं नाव मी सांगणार नाही. कामावर घेताना तसं लिहून घेतलं होतं, आणि ते ऑफिस बंद पडलं म्हणून मी शब्द मोडणाऱ्यातली नाही. तिथला एक नियम मात्र एकदाच मोडला. त्याचीच ही हकिकत आहे.

नवऱ्याचं घर सोडून मी शहरात आले तेव्हा शहराच्या पाट्यांवर औरंगाबादच लिहिलेलं होतं. हाताशी बी.ए.ची पदवी आणि इंग्रजी टायपिंगचं सर्टिफिकेट. पुंडलिकनगरातच एका पिठाच्या गिरणीच्या वर लांबलचक हॉल होता, त्यात वीसेक कॉम्प्युटर मांडले होते. तिकडच्या छोट्या छोट्या गावांची जुनी वर्तमानपत्रं कोणीतरी फोटो काढून पाठवायचं आणि आम्ही ती टाइप करायचो. शाई पसरलेली, कागद घडीवर फाटलेला, अक्षर मुंगीएवढं. त्या काळी मशीनला ते वाचता यायचं नाही. करमाडहून, पडेगावहून रोज रिक्षा आणि बस बदलून येणाऱ्या आमच्या बायकांना मात्र यायचं. डाव्या हाताला पानाचा फोटो, उजवीकडं आपण टाइप करायचं. खालून गिरणी घरघरायची आणि दिवसाअखेर केसांवर पिठाचा पातळ थर बसलेला असायचा.

भिंतीवर नियम चिकटवला होता. दिसेल तेच टाइप करा, सुधारू नका. छापणाऱ्यानं एखादं अक्षर उलटं बसवलं असेल तर तुम्हीही चूकच टाइप करा. वाचता आलं नाही तर प्रश्नचिन्ह टाका, अंदाज बांधू नका. मला हा नियम फार आवडला. तोवर माझ्या आयुष्यात जो तो मलाच सुधारायला बसलेला होता.

दुसरा नियम असा की प्रत्येक पान दोघींनी टाइप करायचं, वेगवेगळं. दुसरी कोण, ते कळायचं नाही. मग दोघींचा मजकूर एकमेकांवर ठेवला जायचा आणि जिथं फरक असेल तिथं ओळ लाल व्हायची. या लाल ओळी बघायला एक चाचा होते. जन्मभर उर्दू छापखान्यात खिळे जुळवलेले, उतारवयात इंग्रजीकडं वळलेले. इंग्रजी बोलायचे जेमतेम, पण अक्षर कुठलंही असो, त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. ते फोटो बघायचे, दोघींपैकी जिचं बरोबर तिचं ठेवायचे आणि लाल रंग घालवायचे. दिवसभर कोपऱ्यात बसून हेच. चहाचा थर्मास घरून आणायचे आणि कोणाला घोटभरही द्यायचे नाहीत.

तर असं ते गाव माझ्या वाट्याला आलं. आठवड्याला चार पानांचं वर्तमानपत्र. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात नदी किती चढली किंवा उतरली ते. नदी एवढी रुंद की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येऊ नये. सुरुवातीच्या काळात आगबोटी धक्क्याला लागायच्या. लाकूड, सफरचंदं, कोंबड्यांची खुराडी चढायची, कापड आणि बातम्या उतरायच्या. हिवाळ्यात नदीचा वरचा थर गोठायचा. तो करवतीनं कापून लाद्या काढायच्या, लाकडाच्या भुश्यात पुरून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात विकायच्या. मे महिन्यात, पंखा बंद पडलेल्या हॉलमध्ये मी ते टाइप केलं आणि माझं मलाच हसू आलं. नदीत शिंपले निघायचे, त्यांच्या गुंड्या करायचा कारखाना होता. गावातल्या बाया दिवसभर गुंड्या घासायच्या, बोटं सोलवटून निघायची. मी माझ्या कुर्त्याची गुंडी चाचपून बघितली. प्लास्टिकची होती.

मग वरच्या अंगाला रेल्वेचा पूल झाला आणि आगबोटी विरळ होत गेल्या. शिंपले संपले तसा कारखाना बंद पडला. मोटारींच्या जाहिराती आल्या, आणि मोटारी आल्या तसे लोक मोठ्या गावांना जाऊ लागले. एका वर्षी पूर आला तेव्हा मुख्य रस्त्यावर होड्या चालल्या आणि वर्तमानपत्र एकाच पानाचं निघालं. पुढं पुढं पूर नसतानाही ते दोनच पानांचं निघायला लागलं, कारण छापण्यासारखं काही घडतच नव्हतं.

हे मला असं ओळीनं कळलं नाही. फोटोंचे गठ्ठे उलटसुलट यायचे. आज एखाद्याचं मरण टाइप करावं आणि दोन महिन्यांनी त्याचंच बारसं समोर यावं. कारखान्याला कुलूप लागल्याचं मला आधी कळलं आणि मग उद्घाटनाचं भाषण आलं. भाषण देणारा काय काय बोलत होता! मला त्याची दया आली.

मला सगळ्यात आवडायचं ते तिसरं पान. तिथं गावाच्या खालच्या धक्क्याची खबर असायची. जुन्या धक्क्याजवळ वीसेक घरं होती, आणि तिथली बातमी म्हणजे कोण कोणाकडं गेलं. अमक्यांकडं तमके रविवारी जेवायला होते. अमकीची बहीण वरच्या गावाहून आली, दोन दिवस राहिली. बस. पहिल्यांदा मी मनात म्हटलं, ही काय बातमी झाली? नंतर मी गठ्ठा आला की आधी तिसरं पान शोधू लागले. करमाडजवळच्या आमच्या गावात ही बातमी छापावी लागत नाही, ती आपल्याआधी घरी पोचलेली असते. पण शहरात मी रविवारी कोणाकडं गेले नाही आणि माझ्याकडं कोणी आलं नाही, हे कोणाला माहीतही नव्हतं.

त्या खालच्या धक्क्यावर एक बाई होती. तिचा नवरा नाव चालवायचा. पलीकडच्या काठावर खांबाला मोठी घंटा टांगलेली होती. कोणाला इकडं यायचं असेल त्यानं ती वाजवायची, की हा नाव घेऊन निघायचा. पूल झाल्यावर घंटा वाजायची थांबली. नवरा वारला. पुढं एका वादळात वाऱ्यानं ती घंटा आपोआप वाजली, तर ही बाई भर पावसात काठावर येऊन उभी राहिली, अशी चार ओळींची बातमी होती. लिहिणाऱ्यानं गंमत म्हणून लिहिली असावी. मला काही ती गंमत वाटली नाही.

तिच्या मरणाची बातमी मी फार आधी टाइप केली होती. एकच मुलगी, ती तरुणपणी आईशी भांडून आगबोटीत बसून निघून गेली, ठावठिकाणा माहीत नाही, असं त्यात होतं. म्हणजे या बाईचा शेवट मला आधीच माहीत होता आणि तिचं जगणं मागून येत होतं.

एका गठ्ठ्यात तिचं निमंत्रण आलं. येत्या रविवारी दुपारी तिच्याकडं कॉफी आणि घरचा केक असेल, ज्यांना जमेल त्यांनी यावं. पुढच्या आठवड्याच्या पानावर होतं की रस्त्यात चिखल असल्यानं कोणाला जाता आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच निमंत्रण, त्याच शब्दांत. आणि त्यानंतरचं पान गठ्ठ्यात नव्हतं. मी रोज वाट बघायची. शेजारची विचारायची, काय गं, कोणाचं स्थळ यायचंय का?

त्याच दिवसांत आईचा फोन आला.

आईबद्दल इथं सांगायला हवं. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा भावानं अंगणात उभं राहून मला परत नांदायला जायला सांगितलं. तो शेंद्र्याला कंपनीत जायचा, शेतीही बघायचा, घरात त्याचाच शब्द चालायचा. त्याचं मला फार वाटलं नाही. आई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती आणि एक शब्द बोलली नाही, त्याचा राग मात्र माझ्या डोक्यात जाऊन बसला. दीड वर्ष मी माहेरी गेले नव्हते. एवढं अंतर की सकाळी निघून दुपारी परत यावं, तरी गेले नव्हते.

"काय करायलीस गं?" आई फोनवर म्हणाली. "लई दिवस झाले. ह्या रविवारी ये की. तुझा भाऊ बायकोला घेऊन सासुरवाडीला चाललाय. आपण दोघीच हाव. शेंगा भाजून ठिवते."

"शिफ्ट आहे," मी म्हणाले.

"रविवारी बी?"

"हो, रविवारी पण."

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या बारीला ये."

रविवारी आमच्या हॉलला कुलूप असायचं. हे आईला कुठून कळणार? त्या रविवारी मी केस धुतले, पाव खाल्ला, झोपले, उठले. चार वाजता वाटलं, अजून निघालं तर दिवेलागणीला पोचता येईल. मी परत आडवी झाले.

आणि त्याच आठवड्यात ते पान आलं. खालच्या धक्क्याची खबर नेहमीपेक्षा तोकडी होती. कोणाची गाय व्याली, कोणी छपराला रंग दिला. नाववाल्याच्या बायकोच्या रविवारबद्दल काहीच नाही. कोणी आलं की नाही, चिखल होता की नव्हता, काही नाही. मजकूर कमी पडला म्हणून त्या रकान्याच्या तळाला दोन बोटं कोरी जागा सुटली होती.

मी त्या कोऱ्या जागेकडं किती वेळ बघत बसले ते माहीत नाही. मग मी टाइप केलं. इंग्रजीत अर्थातच, त्यांच्याच थाटात; तोवर त्यांची बोलायची ढब माझ्या हातात बसली होती. मराठीत सांगायचं तर असं: "रविवारी त्यांच्याकडे लांबून एक बाई आली होती. जोडे दाराशी काढून ती आत गेली आणि दिवे लागेपर्यंत बसली."

पान पाठवून दिलं आणि मग तो दुसरा नियम आठवला. दुसऱ्या कोणीतरी तेच पान प्रामाणिकपणे टाइप केलेलं असणार. ओळ लाल होणार. नोकरी जाणार. भावाला बरं निमित्त मिळणार. दोन दिवस मी चाचांच्या कोपऱ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली.

"इधर आओ बाई. इस पान पे एक मेहमान जास्ती है."

मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले.

"दूसरी के पास नहीं है. फोटू में बी नहीं है. तीन बार देखा मैं, चष्मा पोंछ के देखा."

"काढून टाका चाचा. चुकून झालं."

"चुकून?" ते म्हणाले. "इत्ती लंबी चूक?" त्यांनी पुन्हा स्क्रीनकडं बघितलं. त्या लाल पट्टीवर माझी दोन वाक्यं बसलेली होती. "जूते बी उतारी दरवाजे में. तमीज की है." मग त्यांनी एक बटण दाबलं आणि लाल रंग गेला. "आ गई तो बैठने दो. आए हुए मेहमान को उठाते नहीं. लेकिन दुबारा नक्को करना. तुम तो पूरा गाँव भर देंगी."

आणि त्या दिवशी त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला. झाकणात, अर्धा.

त्यानंतर मी कुठंही काही घुसवलं नाही. आईकडं पुढच्या बारीलाही गेले नाही. मधल्या काळात आम्ही दोनदा भेटलो, एकदा एका लग्नात आणि एकदा दवाखान्यात, दोन्ही वेळा भोवती माणसंच माणसं. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं आणि चपलांच्या ढिगात मला माझी चप्पल काढायला जागा सापडेना. भाऊ माझ्याशी चांगला वागला. आई आणि मी घरात दोघीच असू असा एकही रविवार मला परत मिळाला नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मग मशीनला वाचता यायला लागलं. आधी चांगली पानं मशीनकडं गेली, फाटकी आमच्याकडं राहिली, मग फाटकीही गेली. हॉल रिकामा झाला. आता तिथं स्पर्धा परीक्षेचे क्लास चालतात. चाचा पडेगावला मुलाकडं राहायला गेले. भेटायला जाईन जाईन म्हणत राहिले, आणि ते वारल्याचं मला महिन्यानं कळलं, तेही भाजी घेताना, जुन्या मैत्रिणीकडून. मला स्वतःची शरम वाटली. एकदा केलेलंच मी पुन्हा केलं होतं.

मी आता एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. तिथंही दिसेल तेच टाइप करायचं असतं. रविवारी सुट्टी.

त्या गावाची सगळी पानं नेटवर आहेत, कोणालाही बघता येतात. डावीकडं फोटो, उजवीकडं आमचा मजकूर, आमच्या जुन्या हॉलमध्ये असायचा तसाच. जमेल तसं मी तिथं जाते. गावाचे आताचे फोटोही बघते. धक्का तुटलेला, दुकानांच्या काचांना पुठ्ठे लावलेले, मुख्य रस्त्यावर एक पेट्रोल पंप आणि एक चर्च, आणि नदी आहे तेवढीच रुंद. एखादं माणूस दिसावं म्हणून मी फोटो मोठा करून बघते. बहुतेक वेळा नसतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी माझं ते पान उघडलं. दर काही महिन्यांनी उघडतेच. माझी ओळ शोधायची, ती उजवीकडं सापडते, डावीकडं फोटोत तिथं कोरी जागा असते. एवढंच बघायचं आणि बंद करायचं. या वेळी पानाच्या खाली, वाचकांनी लिहायच्या जागेत, कोणीतरी लिहिलं होतं.

एक म्हातारा माणूस होता. त्यानं लिहिलं होतं की ही ओळ फोटोत दिसत नाही, बहुधा त्याच अंकाच्या दुसऱ्या एखाद्या प्रतीत असावी. नाववाल्याची बायको ही त्याच्या आजीची आई. आगबोटीत बसून निघून गेली ती त्याची आजी. आजीनं पुढं संसार केला, मुलं वाढवली, पण आपण आईला परत भेटलो की नाही हे कधी सांगितलं नाही, आणि तिला विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. ही ओळ सापडली तेव्हा आपण खुर्चीतून उठून उभे राहिलो, असं त्यानं लिहिलं होतं. लांबून आलेली बाई म्हणजे आजीच. लिहिणाऱ्यानं तिला ओळखलं नसेल, म्हणून नाव नाही. फक्त जोडे दाराशी का काढले ते कळत नाही. बहुतेक नदीच्या चिखलातून चालत आली असेल. पलीकडची ती जुनी घंटा आता धक्क्याजवळ आणून टांगली आहे; उन्हाळ्यात तिच्याखाली गाव एक पाटी लावणार आहे, तिच्यावर ही ओळ घालावी असं त्यानं सुचवलं होतं. कोणाला आणखी काही माहीत असेल तर कळवावं. खाली त्याचा ईमेल होता.

मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि भांडी घासली. घासलेली परत घासली.

जोडे! टाइप करताना माझ्या मनातही आलं नव्हतं. पाहुणी घरात शिरते म्हटल्यावर दुसरं काय करणार? चपला घालून आत जाणार का? तिकडं तशाच जातात हे मला माहीत होतं, एवढी वर्षं त्यांचं वर्तमानपत्र टाइप केलं होतं मी. पण हाताला माहीत नव्हतं.

तीन आठवडे मी काही केलं नाही. मनात हिशेब चालायचा. गप्प बसलं तर कोणाचं काय बिघडतं? म्हातारा समाधानानं राहील. पाटी लागेल, माझी पाहुणी त्या घंटेखाली कायमची बसेल, आणि ती कोण हे जगात एकट्या मला माहीत असेल. चाचा असते तर म्हणाले असते, बैठने दो. पण चाचांनी लाल रंग घालवला तेव्हा त्या पानावर मेलेलीच माणसं होती. हा म्हातारा जिवंत होता आणि उठून उभा राहिला होता.

शिवाय त्याची आजी आईकडं गेली नव्हती. म्हणजे मला तसं पक्कं कुठून माहीत, पण तिच्या आईच्या मरणाच्या बातमीत ठावठिकाणा माहीत नाही असं होतं, आणि न जाणं कसं असतं ते मला माहीत आहे. दर वेळी पुढच्या बारीला जाऊ असं वाटतं. त्या आजीला तिच्या नातवापुढं मी फुकटात आईकडं पोचवलं होतं. माझ्यासाठी कोणी अशी एक ओळ कुठं घुसवली असती, की त्या रविवारी मुलगी आली आणि दोघी शेंगा खात बसल्या, तर मी ती काढायला सांगितली असती का? नसती सांगितली. हे कळलं तेव्हा मी लिहायला बसले.

पत्र फार मोठं नव्हतं. ती ओळ माझी आहे, फोटोत नाही कारण कुठल्याच प्रतीत नाही. मी भारतात, पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये बसून ती टाइप केली. तुमच्या आजीच्या आईकडं दोन रविवार कोणी गेलं नव्हतं, ते मला बघवलं नाही. जोडे काढायची रीत आमच्याकडची आहे. मला माफ करा. आईचं मी काही लिहिलं नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. तुमचं पत्र दोनदा वाचलं, असं त्यानं लिहिलं होतं. ओळ काढायला सांगितली आहे, पाटीवर आता फक्त घंटेची माहिती असेल. जोड्यांचं मला पहिल्यापासून पटत नव्हतं, आमच्याकडं कोणी काढत नाही, पण माणूस आपल्याला हवं तसं समजून घेतो. माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली. ही ओळ सापडल्यापासून रविवारी दुपारी मी त्या खोलीत बसलेल्या दोघींचा विचार करायचो, तेवढीच सोबत व्हायची. तुमच्यावर माझा राग नाही. तिच्याकडं कोणी गेलं नाही हे निदान कोणाच्या तरी लक्षात आलं होतं.

आणि शेवटी एक प्रश्न होता. आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नका, पण विचारावंसं वाटतं: तुमच्याकडं रविवारी कोण येतं?

हे पत्र वाचलं तो रविवारच होता. आधी मी ते पान उघडलं. ओळ खरंच गेली होती. उजवीकडं गाय, छपराचा रंग, आणि पुढं काही नाही. डावीकडं कोरी जागा आणि उजवीकडंही कोरी जागा, दोन्ही आता जुळत होत्या. एवढ्या वर्षांनी ती बाई परत एकटी बसली होती, आणि तिच्या पाहुणीला मी माझ्या हातानं उठवलं होतं. मी रडले. खालून इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू होता.

मग उत्तर लिहायला घेतलं. माझ्या हाताला सवय आहे, इंग्रजी भराभर उमटत गेलं. माझ्याकडं पुष्कळ माणसं येतात. भाऊ येतो, त्याची बायको शेतातली भाजी आणते. समोरच्या बाई येतात, आम्ही चहा घेतो. जुन्या ऑफिसमधले एक चाचा आहेत, ते थर्मास घेऊन येतात. सगळे दिवे लागेपर्यंत बसतात.

लिहून झालं आणि मी दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं. उंबऱ्यापाशी माझ्या चपला होत्या, डावी जराशी वाकडी पडलेली. दुसरा जोड नव्हता.

मी सगळं खोडलं आणि दिसलं तेवढंच टाइप केलं. माझ्याकडं कोणी येत नाही, असं लिहून पाठवून दिलं.